हायड्रोजन चुलीत नको, आधी खतात द्या

प्रति,
हायड्रोजनच्या योजना आखणारे, मंजूर करणारे आणि त्यांना झेंडा दाखवणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

बडोद्यात हायड्रोजन आणणार, असं आपण बरेच दिवस सांगताय. तो इथे साठच्या दशकापासून आहे. छाणी-बाजव्याच्या खतकारखान्यात आज नैसर्गिक वायू वाफेबरोबर तापवून हायड्रोजन काढतात आणि हवेतल्या नायट्रोजनशी त्याची गाठ घालून अमोनिया करतात. कोयलीच्या रिफायनरीत डिझेलमधलं गंधक काढायला तोच लागतो. १९७७ मध्ये तर खतकारखान्याला लागूनच जड पाण्याचा प्रकल्प सुरू झाला. अमोनियासाठी निघालेल्या वायूतून ड्यूटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड भाऊ, वेचून घ्यायचं काम तिथे चालायचं. हायड्रोजनचे प्लँट आखून देणाऱ्या कंपन्यांची ऑफिसंही याच शहरात आहेत. तेव्हा या गावाला हायड्रोजनची ओळख करून देताना जरा बेतानं घ्यावं.

मी त्या पट्ट्यातल्या एका अमोनिया प्लँटवर शिफ्टमध्ये नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. शिक्षण कलाभवनात. आता पाटीवर दुसरं नाव असलं तरी आमच्या तोंडी कलाभवनच आहे. राहायला दांडिया बाजारच्या आतल्या गल्लीत. घरात नळाचा गॅस आहे, आणि भाचा त्याच औद्योगिक पट्ट्यात एका कंत्राटदाराकडे फिटर आहे. हायड्रोजनचं काहीही झालं, चांगलं किंवा वाईट, तरी ते माझ्या घरापर्यंत येणार. म्हणून बोलण्याचा हक्क आहे असं धरून चालतो.

पत्राला निमित्त झालं ते एका सादरीकरणाचं. कुणी भरवलं होतं ते नाव मुद्दाम घेत नाही. ही सादरीकरणं हल्ली सगळीकडे एकाच साच्यातून निघतात. मोठा पडदा, निळं आकाश, पानापानांची नक्षी, आणि एक बस, जिच्या मागून पाण्याचे थेंब पडतायत. खाली ओळ: ‘धूर नाही, फक्त पाणी’. प्रश्न चिठ्ठीवर लिहून मागितले. चिठ्ठ्या एका ट्रेमध्ये गोळा होऊन स्टेजवर गेल्या आणि लगेच अल्पोपाहार जाहीर झाला. माझ्या चिठ्ठीत विचारलं होतं: वीज कुठली वापरणार, हायड्रोजन आधी कुणाला देणार, आणि गळती झाली तर बाजव्यातल्या माणसानं काय करायचं. बाहेर पडताना पाहिलं तर ट्रे टेबलावर तसाच होता. आता तेच प्रश्न चारचौघांत विचारतो.

सुरुवातीलाच सांगतो, मी हायड्रोजनच्या विरोधात नाही. ज्याची अख्खी नोकरी या वायूवर झाली तो विरोधात कसा असेल? २०२३ च्या जानेवारीत केंद्रानं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. १९,७४४ कोटी रुपये, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन (सूर्य-वाऱ्यासारख्या अक्षय विजेवर केलेला) आणि त्यासाठी १२५ गिगावॅट नवी अक्षय वीज. आकडे वाचून मला आनंदच झाला होता. माझी हरकत मिशनला नाही, त्यातला माल कुणाच्या पदरात आधी पडणार याला आहे.

पहिली तक्रार विजेची, आणि तीच सगळ्यात मोठी.

पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला पन्नास ते पंचावन्न युनिट वीज लागते. त्या किलोत उरते ती तेहतीस युनिटांएवढी ऊर्जा. म्हणजे हायड्रोजन ही खाणीतून निघणारी ऊर्जा नव्हे. आधी वीज खर्चायची, मग तिच्यातला काही भाग वायूच्या रूपात परत मिळवायचा. वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असेल तर हा व्यवहार पटतो. देशाच्या ग्रिडमधलं एक युनिट मात्र सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड मागे सोडतं. त्या विजेवर एक किलो हायड्रोजन केला तर पस्तीस ते एकोणचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड. आमच्या जुन्या, बदनाम पद्धतीत, वायू तापवून, नऊ-दहा किलो. म्हणजे चुकीच्या विजेवर चाललेला नवा कारखाना जुन्याच्या चौपट घाण करणार, आणि दारावर पानांची नक्षी असणार.

यावर आपण म्हणाल, नियम आहे. आहे, आणि चांगला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ठरलं की एका किलोमागे २ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड नको, तरच त्याला हरित म्हणायचं. पण त्यात दोन फटी आहेत. एक, हिशेब बारा महिन्यांच्या सरासरीचा. दुसरी, ग्रिडमध्ये ‘बँक’ केलेली अक्षय वीजही चालते. दुपारी सोलरची वीज ग्रिडला द्यायची, रात्री तेवढीच परत घ्यायची, कागदावर ती सूर्याचीच. रात्री दोन वाजता वणाकबोरीच्या औष्णिक वीजकेंद्राचे बॉयलर कशावर पेटलेले असतात ते आपल्यालाही माहीत आहे आणि मलाही.

ही फट कारखानदार वापरणार नाहीत असं समजू नका. प्लँट चालवणाऱ्याची अडचण मी जवळून पाहिली आहे. अमोनियाचा कन्व्हर्टर, म्हणजे जिथे अमोनिया तयार होतो ते भांडं, सूर्यास्ताला बंद करून सूर्योदयाला चालू करता येत नाही. तापमानाचे झोके कॅटॅलिस्टला सोसत नाहीत, एकदा लूप, म्हणजे फिरत्या वायूचं चक्र, खाली आला की पुन्हा दाबावर आणायला वेळ आणि इंधन दोन्ही जातं, आणि प्रत्येक स्टार्टअपला कुठला ना कुठला फ्लँज, म्हणजे पाइपचा बोल्टवाला जोड, गळतोच. शिवाय इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र, महाग. तो दिवसाचे सहा तास चालवून कुणाला परवडेल? मग चोवीस तास वीज हवी, आणि चोवीस तास ऊन नसतं. साठवण हवी, वारा हवा, हायड्रोजनच्या मोठ्या टाक्या हव्यात. हा खर्च सादरीकरणात कुठे होता?

आकाराचा अंदाज यावा म्हणून आपल्या दारातलंच उदाहरण देतो. बडोद्याजवळ नर्मदा कालव्यावर १० मेगावॅटचे सोलर पॅनेल आहेत. जानेवारी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून त्यांच्या उद्घाटनाला आले होते. अशा प्रकल्पातून वर्षाला साधारण दीड कोटीच्या वर युनिट निघतात. सगळीच्या सगळी वीज हायड्रोजनला लावली तर तीनशे टनांच्या आत-बाहेर माल होईल. आता दिवसाला १००० टन अमोनिया करणारा प्लँट घ्या, म्हणजे फार मोठा नाही. तो रोज पावणेदोनशे टन हायड्रोजन खातो. कालव्यावरचं वर्षभराचं ऊन त्याला दोन दिवसही पुरत नाही.

हे मी निराश करायला सांगत नाही. हरित हायड्रोजन एवढा कष्टाचा आणि एवढा थोडा असणार आहे, तर तो कुठे घालायचा हे आधी ठरवायला नको का?

दुसरी तक्रार नेमकी याच प्राधान्याची.

देशात आज वर्षाला पन्नास-साठ लाख टन हायड्रोजन वापरला जातो. जवळपास सगळा रिफायनऱ्यांत आणि खतकारखान्यांत, आणि जवळपास सगळा नैसर्गिक वायू किंवा तेलापासून केलेला. तिथे त्याला पर्याय नाही. अमोनियाच्या रेणूत हायड्रोजन लागतोच, बॅटरी लावून अमोनिया होत नाही. त्या हायड्रोजनची जागा हरित हायड्रोजननं घेतली तर किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड सरळ वाचतो. ना नवा ग्राहक शोधायचा, ना नवा पंप बांधायचा, ना नवी पाइपलाइन गावातून न्यायची. माल वापरणारा कुंपणापलीकडे बसलेला आहे आणि त्याच्याकडे हायड्रोजन हाताळणारी माणसं पिढीजात आहेत.

इथे एक बारकावा आहे, तो सादरीकरणवाल्यांनी टाळला की त्यांना माहीत नव्हता, देव जाणे. युरिया करायला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही लागतो, टनाला पाऊण टनाच्या आसपास. आज तो रिफॉर्मरमधून, म्हणजे नैसर्गिक वायू वाफेबरोबर तापवायच्या भट्टीतून, आपोआप मिळतो. सगळा हायड्रोजन पाण्यातून काढायला लागलात तर युरियासाठी कार्बन डायऑक्साइड कुठून आणणार? म्हणून सुरुवात युरियापासून नको. अमोनियम सल्फेट, डीएपी या खतांना अमोनिया लागतो, पण कार्बन डायऑक्साइड लागत नाही. डीएपीसाठी तर आपण अमोनिया बाहेरून विकत आणतो. पहिला हरित टन तिथे गेला पाहिजे. मग रिफायनरी. मग पोलाद: हाजिऱ्याला स्पंज आयर्न, म्हणजे पोलादासाठीचं कच्चं लोखंड, नैसर्गिक वायूवरच होतं, तिथे हायड्रोजनला पुढे मोठी जागा आहे.

पाण्यापासून खत ही काही परदेशातून आलेली नवलाई नाही. साठच्या दशकात पंजाबात नांगलला भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढून खत होत असे. पुढे ती वीज इतर कामांना हवीहवीशी झाली आणि पद्धत मागे पडली. विजेची ओढाताण झाली की आधी कशावर गदा येते याचा तो धडा आपल्या सरकारी फाइलींतच पडून असेल.

तिसरी तक्रार स्वयंपाकघरातली.

शेजारच्या वहिनींनी परवा जिन्यात अडवलं. “काका, आपल्या गॅसच्या नळात हायड्रोजन सोडणार म्हणतात, खरं का? भांडी काळी होणार नाहीत म्हणे.” म्हटलं, भांडी आत्ता तरी कुठे काळी होतायत?

सुरतेजवळ कवासला एनटीपीसी या सरकारी वीजकंपनीच्या वसाहतीत २०२३ पासून घरगुती गॅसमध्ये हायड्रोजन मिसळण्याचा प्रयोग झाला. सुरुवात पाच टक्क्यांनी, परवानगी टप्प्याटप्प्यानं वीसपर्यंत न्यायची. प्रयोग म्हणून ठीक आहे, काहीतरी शिकायला मिळतं. पण तेच आता शहराशहरांत करू म्हणणं मला पटत नाही, आणि कारण साधं आहे. हे टक्के आकारमानाचे आहेत. तेवढ्याच आकारमानात हायड्रोजनमध्ये नैसर्गिक वायूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उष्णता असते. पाच टक्के मिसळल्यावर कार्बन डायऑक्साइड घटतो दीड टक्क्याच्या आसपास. वीस टक्के मिसळले तरी सात. एवढ्यासाठी पंचावन्न युनिट वीज घालून केलेला किलो शेगडीत जाळायचा, हे पैठणीचं पोतेरं झालं. तीच वीज इंडक्शनला दिली तर जास्त भाकऱ्या भाजून होतील.

आणि मीटर? मीटर घनमीटर मोजतो, उष्णता नाही. पाच टक्के मिश्रणाच्या घनमीटरमध्ये उष्णता साडेतीन टक्क्यांनी कमी, वीस टक्क्यांच्या मिश्रणात चौदा टक्क्यांनी. दर घनमीटरला तोच राहिला तर कुकरच्या तेवढ्याच शिट्ट्यांना बिल वाढणार. हे पडद्यावर नव्हतं.

गळतीचं म्हणाल तर पोलाद ठिसूळ होण्याची भीती घरगुती दाबाला फारशी नाही; ती मोठ्या दाबाच्या लाइनची काळजी. घरात प्रश्न जोडांचा. मांडवी, वाडी, रावपुऱ्याच्या जुन्या घरांत जीआय पाइप भिंतीभिंतीनं वळसे घेत स्वयंपाकघरात जातो, दर वळणाला आटे पाडलेला जोड, त्यावर टेप गुंडाळलेली, वर रंगाचे थर. मिथेन, म्हणजे नळातला मुख्य वायू, जिथे अडतो तिथून हायड्रोजन निसटू शकतो. मिथेन हवेत पाच ते पंधरा टक्के असताना पेटतो, शुद्ध हायड्रोजन चार ते पंचाहत्तर. पाच टक्के मिश्रणानं उद्या वाडा उडेल असं मी म्हणत नाही. पण आधी त्या जोडांची तपासणी कोण करणार, कुणाच्या खर्चानं, हे तरी ठरवा. इंग्लंडमध्ये व्हिटबी आणि रेडकार इथे घरांना हायड्रोजन द्यायच्या दोन योजना होत्या. २०२३ मध्ये दोन्ही गुंडाळल्या: व्हिटबीची रहिवाशांच्या विरोधामुळे, रेडकारची पुरेसा हायड्रोजन मिळणार नाही म्हणून.

चौथी तक्रार बसची. मार्च २०२५ मध्ये केंद्रानं हायड्रोजनवरच्या ३७ बस आणि ट्रक, आणि नऊ पंप, यांच्या चाचण्या मंजूर केल्या. त्यात अहमदाबाद–बडोदा–सुरत हा आपला रस्ता आहे. सरकारी मदत साधारण २०८ कोटी. चाचणी करायला माझी ना नाही. पण त्या ३७ गाड्यांपैकी २२ गाड्यांत इंधनघट (फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजन न जाळता त्यातून वीज करणारा घट) नाही, साधं इंजिन आहे, ज्यात हायड्रोजन जाळतात. हवेत कुठलीही गोष्ट जास्त तापमानाला जाळली की नायट्रोजनचे ऑक्साइड, म्हणजे प्रदूषणच, तयार होतात. तेव्हा ‘फक्त पाणी’ हे वाक्य निम्म्याहून जास्त गाड्यांना लागूच होत नाही. पोस्टर छापण्याआधी कुणीतरी इंजिनिअरला दाखवायला हवं होतं.

इंधनघटाच्या गाडीचाही हिशेब ऐका. शंभर युनिट वीज घेऊन हायड्रोजन केला, साडेतीनशे बारला दाबला, घटात पुन्हा वीज केली आणि मोटरला दिली, तर चाकापर्यंत तीसेक युनिट पोचतात. तीच वीज बॅटरीत भरली तर पंचाहत्तरच्या आसपास. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरानं ५१ हायड्रोजन बसची ऑर्डर जानेवारी २०२२ मध्ये रद्द केली, कारण चालवायचा खर्च विजेच्या बसच्या कित्येक पट येत होता. अहमदाबाद ते सुरत अंतर अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर, वाटेत जेवायला थांबतातच, आणि रस्त्याच्या शेजारून विजेवरची रेल्वे धावते. लांब पल्ल्याच्या, सतत पळणाऱ्या अवजड ट्रकचं गणित वेगळं निघू शकतं. निघालं तर मी मान्य करीन, पण आकडे दाखवा.

पाचवी गोष्ट, जिच्यासाठी खरं तर पेन उचललं, ती सुरक्षेची.

प्लँटवर नवा होतो तेव्हा फोरमननी हातात केरसुणी दिली. मला वाटलं झाडायला लावतायत. ते म्हणाले, “ही पुढे धरून चाल. टोक पेटलं की थांब.” जास्त दाबाची हायड्रोजनची लाइन फ्लँजपाशी गळली की कित्येकदा आपसूक पेट घेते, आणि दिवसाच्या उजेडात ती ज्योत डोळ्यांना दिसत नाही. कानाला नुसता फुसकारा येतो. कंप्रेसर हाउसच्या गोंगाटात तोही नीट कळत नाही. लांब दांड्याला बांधलेली केरसुणी पुढे, माणूस मागे, नजर टोकावर. एकदम हवेतच काड्या लाल झाल्या की कळायचं, ज्योत इथे आहे. पुढे ज्योत ओळखणारे डिटेक्टर आले, पण जुनी माणसं केरसुणी टाकायची नाहीत.

आता भाच्याचं ऐका. त्याला एका साइटवर हायड्रोजनच्या लाइनचं काम दिलं. कुठली साइट ते सोडा. प्रशिक्षण काय, तर इंग्रजी व्हिडिओ आणि शेवटी रजिस्टरवर सही. त्याच्या टोळीत दाहोदचे दोघे, बाकी बिहारचे. गॅस्केट कुठलं वापरायचं, बोल्ट कुठल्या क्रमानं आवळायचे, काम संपल्यावर नायट्रोजननं लाइन किती वेळ फुंकायची, हे त्याला मी घरी चहा पिता पिता सांगितलं. पूर्वी हे कंपनीच्या पगारी माणसाला वर्षभर शिकवत. आता कंत्राट बदललं की शिकलेला माणूसच बदलतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये शहराच्या वायव्येला बेन्झिनच्या टाकीला आग लागली, तेव्हा धुराचे लोट लांबून दिसत होते. माणसांचे जीव गेले. तो बेन्झिन होता म्हणून निदान काळा धूर दिसला. हायड्रोजनला ना धूर, ना वास, ना दिवसा ज्योत. त्याची जमेची बाजूही सांगतो: तो विषारी नाही, आणि मोकळ्यावर सुटला तर सरळ वर जाऊन पांगतो. बंद शेडमध्ये, छताखाली साठला की मात्र घात. २०१९ मध्ये दक्षिण कोरियात गांगनुंगला सौर विजेवरच्या एका प्रयोगात हायड्रोजनच्या टाकीत ऑक्सिजन मिसळला, टाकी फुटली आणि दोघे गेले. वीज कमी-जास्त झाली, इलेक्ट्रोलायझर कमी लोडवर चालला की असा ऑक्सिजन पलीकडे झिरपतो. ढगाळ दिवसाचा हा धोका आमच्या जुन्या प्लँटला ठाऊकच नव्हता, त्यामुळे जुन्या अनुभवावर तो पेलणार नाही.

आणि मला हायड्रोजनपेक्षा जास्त धास्ती त्यापासून होणाऱ्या अमोनियाची आहे. निर्यातीसाठी हरित अमोनियाच्या मोठमोठ्या टाक्या उभ्या करायचं बोलणं चाललंय. अमोनिया वर पांगेलच असं नाही, थंड असताना तो जमिनीलगत सरकतो आणि डोळे, छाती धरतो. ओला फडका तोंडाला लावून वाऱ्याच्या आडव्या दिशेनं पळायचं, हे बाजवा, करचिया, रणोली, दशरथ इथल्या किती घरांना माहीत आहे?

पाण्याबद्दल मात्र उगाच बाऊ नको. किलोला नऊ लिटर पाणी लागतं, शुद्धीकरण आणि थंड करणं धरून वीस-तीस. वीज ही अडचण आहे, पाणी त्या मानानं लहान. फक्त ते महीच्या गोड्या पाण्यातून किंवा एखाद्या तालुक्याच्या पिण्याच्या योजनेतून उचलू नका. किनाऱ्यावर समुद्राचं गोडं करून घ्या, इथे शहराचं सांडपाणी शुद्ध करून घ्या. किलोमागे आठ किलो ऑक्सिजन फुकट निघतो, तो सांडपाण्याच्या केंद्रात हवेऐवजी सोडता येईल. यावर कुणी काम करत असेल तर त्यांना माझा नमस्कार.

गळतीचा हवामानाशीही संबंध आहे. हायड्रोजन हवेत सुटला की पृथ्वी तापवणाऱ्या मिथेनचं आयुष्य वाढवतो. शंभर वर्षांच्या हिशेबात किलोला किलो धरला तर परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या दहा-बारा पट. म्हणून जितका हात बदलेल, टँकरमधून पंपात, पंपातून बसमध्ये, तितका तोटा. कारखान्याच्या कुंपणात करून तिथेच वापरला तर सर्वांत कमी.

पैशाबद्दल एकच. २०२५ मध्ये पानिपतच्या रिफायनरीसाठीच्या निविदेत हरित हायड्रोजनचा दर किलोला चारशे रुपयांच्या आसपास आला. त्या किलोएवढी उष्णता सव्वातीन घनमीटर नैसर्गिक वायूत असते. घनमीटरला पन्नास रुपये धरले तरी एकशे साठ-सत्तर. मधल्या फरकाचा काही भाग मिशनमधल्या १७,४९० कोटींच्या प्रोत्साहनातून, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या खिशातून जायचा. मला तो द्यायला हरकत नाही. पण तो खतात गेला तर एका रुपयात जास्त धूर कमी होतो आणि शेगडीत गेला तर कमी, हे माहीत असून शेगडीवर खर्चणं म्हणजे उधळपट्टी.

तर मागण्या अशा.

खतकारखाने आणि रिफायनऱ्या यांची गरज भागेपर्यंत घरगुती गॅसमध्ये हायड्रोजन मिसळू नका, आणि तसं लेखी जाहीर करा. तरीही मिसळायचाच असेल तर आधी बिल घनमीटरऐवजी उष्णतेवर करा आणि जुन्या शहरातल्या जोडांची तपासणी कंपनीच्या खर्चानं करून घ्या.

बडोद्याच्या परिसरातल्या प्रत्येक हरित हायड्रोजन प्रकल्पानं कुठल्या तासाला किती वीज कुठून घेतली, हे लोकांना पाहता येईल असं प्रसिद्ध करायला लावा. वर्षाची सरासरी पुरत नाही.

अहमदाबाद–बडोदा–सुरत रस्त्यावरच्या गाड्यांचा किलोमीटरमागे हायड्रोजन, किलोमीटरमागे खर्च आणि बंद पडलेले दिवस दर तीन महिन्यांनी सांगा, आणि शेजारी विजेच्या बसचे आकडे मांडा. इंजिनवाल्या गाड्यांच्या नायट्रोजन ऑक्साइडचं मोजमापही त्यात हवं. ‘फक्त पाणी’ ही ओळ तोवर उतरवा.

हायड्रोजन किंवा अमोनियाच्या लाइनवर हात लावणाऱ्या प्रत्येक कंत्राटी कामगाराला त्याच्या भाषेत, प्रत्यक्ष हातानं करून दाखवलेलं प्रशिक्षण द्या. प्रमाणपत्र त्याच्या नावावर असू द्या, कंत्राटदाराच्या नाही. आयटीआयमध्ये हा विषय सुरू करायचा असेल तर मी आणि माझ्याबरोबरचे निवृत्त लोक मानधनाशिवाय शिकवायला येऊ. केरसुणी आमची आम्ही आणू.

आजूबाजूच्या गावांत आणीबाणीचा आराखडा घरोघरी पोचवा आणि वर्षातून एकदा गावकऱ्यांना घेऊन कवायत करा, साहेबांना घेऊन नव्हे. भोंगा कुठला, वारा कुठला, जायचं कुठे, एवढं लहान पोरालाही सांगता यायला हवं.

आणि एक जनसुनावणी घ्या, जिथे चिठ्ठ्या वाचल्या जातील आणि उत्तरं लेखी मिळतील. बडोदे संस्थानची आज्ञापत्रिका, म्हणजे सरकारी राजपत्र, रयतेच्या भाषेत निघत असे. आपलं उत्तर गुजरातीत आलं तरी चालेल, आमच्या गल्लीत सगळ्यांना वाचता येतं. इंग्रजीत तेवढं पाठवू नका.

कळावे,
आपला,
अमोनिया प्लँटवरचा एक निवृत्त शिफ्ट इंजिनिअर
दांडिया बाजार, बडोदे